पेटीतले बदाम

दुबईतला अल कुसैसचा फ्लॅट सोडायचं ठरलं तेव्हा मी नेहमीसारख्या याद्या केल्या. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. घर बदलताना लोक एकेक वस्तू हातात घेऊन बसतात आणि खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत राहतो. माझ्या घरात असं होत नाही. प्रत्येक खोक्यावर नंबर असतो, नंबरपुढे आत काय आहे ते असतं, आणि चहाची भांडी कुठल्या खोक्यात आहेत हे मी झोपेतसुद्धा सांगू शकते.

पत्र्याची पेटी सनाने ‘टाकायचं’मध्ये लिहिली होती. सना माझी धाकटी, इथल्याच कॉलेजात शिकते. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघींचं व्यवस्थित चालतं.

“मम्मी, इट्स ऑल रस्ट,” ती म्हणाली. “हू कीप्स अ ट्रंक?”

मी तिची ओळ खोडली, पेटी ‘न्यायचं’मध्ये लिहिली आणि रिकामी आहे ना हे बघायला झाकण उघडलं. रिकामीच होती. पण वास आला. आधी गंजक्या पत्र्याचा, मग जुन्या तांदळाचा, आणि त्याच्या मागून, अगदी सावकाश, दालचिनीचा आणि करपायच्या बेतात आलेल्या साखरेचा. मी तशीच जमिनीवर बसले. ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता. बसायला हरकत नव्हती.

ही पेटी रत्नागिरीच्या बाजारातली. तेव्हा तिचा रंग हिरवा होता, झाकणावर गुलाबाचं फूल होतं आणि कडीला पितळी कुलूप. तिच्यात अम्मीचं आणि माझं सगळं भरून आम्ही मुंबईहून बोटीने दुबईला आलो. मी सात वर्षांची होते. अब्बांना मी पाहुणे म्हणूनच ओळखत होते. अधूनमधून येणारे, अत्तराचा वास असणारे, आले की सगळ्या घराला मोठ्याने बोलायला लावणारे. ते दुबईला लाँचच्या इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायचे. अम्मीने त्यांच्या मागे लागून लागून हा प्रवास मिळवला होता. तिला नवऱ्याच्या घरात राहायचं होतं, नवऱ्याच्या घरच्यांच्या घरात नव्हे.

अब्बा हो म्हणाले होते, पण अर्धं. हिवाळाभर राहा, उन्हाळा लागायच्या आत बोटीने परत. इथे शेजारपाजारी आपल्या बायका नाहीत, तुला ना हिंदी येते ना अरबी, गर्मीत पोर आजारी पडेल. पेटी उपसू नकोस, परत भरायचा ताप.

म्हणून अम्मी पेटीतून जगायची. एक साडी काढायची, धुवायची, वाळली की घडी घालून पुन्हा पेटीत. माझे फ्रॉकसुद्धा तसेच. पेटी दाराशीच होती, जणू कोणी हाक मारली की उचलायची आणि निघायचं. येताजाता माझी नडगी तिच्या कडेला आपटायची.

घर म्हणजे खजुरीच्या झावळ्यांची बरस्ती. झावळ्यांतून वारा येई, उजेड येई आणि बाहेरचं सगळं बोलणंही येई. गाढवांच्या पाठीवरून पाण्याचे डबे यायचे, त्या डब्यांच्या आदळण्यावरून मला सकाळ झाल्याचं कळायचं. समोर खाडी. रत्नागिरीलाही खाडी होती, त्यामुळे सुरुवातीला मला आपण फार लांब आलोय असं वाटलंच नाही. सुकत घातलेल्या मासळीचा वास तोच. पण त्यात इथे डांबर मिसळलेलं असायचं, आणि इराणहून येणाऱ्या वाळवलेल्या काळ्या लिंबांचा आंबट, धुरकट वास. पलीकडच्या काठावर गलबतांची कामं चालायची. दिवसभर फळ्यांवर हातोडे पडायचे, आणि पाण्यावरून येईपर्यंत तो आवाज मऊ होऊन जायचा. ज्या अल कुसैसमध्ये मी पेटीपाशी बसले होते तिथे तेव्हा नुसती वाळू होती. रास अल खोरकडे खाडी संपायची आणि तिथे पक्षी उतरायचे. एवढंच आमचं जग होतं, आणि त्यात अम्मी दिवस दिवस कोणाशी बोलायची नाही.

मग हेल्गाबाय आली.

ती वर्कशॉपच्या जर्मन इंजिनियरची बायको. उंच, उन्हाने नाक सोललेलं, पायात पुरुषी चपला. वरचा वारा खोल्यांत उतरवणारा मनोरा असलेल्या दगडी घरात राहायची. तिला हिंदी, अरबी आणि इंग्लिश यांतले थोडे थोडे शब्द यायचे आणि ते सगळे एकाच वाक्यात वापरायला ती घाबरायची नाही. हेल्गाबाय हे नाव अम्मीने दिलेलं. तिला ते फार आवडलं.

अम्मीने एकदा अब्बांच्या हाती साहेबाच्या घरी खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या होत्या. हेल्गाबायने त्या पुरवून पुरवून खाल्ल्या, आणि शेवटची वडीही पहिल्यासारखी कोरडी होती, हे तिच्या लक्षात आलं. मागच्या नाताळात तिने केलेल्या मिठाईचा या खाडीच्या हवेने एका रात्रीत चिकट गोळा केला होता. म्हणून ती स्वतः आमच्या दारात आली, वाकून आत शिरली, आणि पेटीवरच बसली. दुसरं बसायला काही नव्हतं.

तिचं म्हणणं अब्बांनी आम्हाला सांगितलं. तिच्या गावी नाताळच्या जत्रेत बदाम मिळतात. साखर आणि दालचिनीचं कवच चढवलेले, गरम, कागदाच्या सुळकेदार पुडीत. बाहेर बर्फ असतो, आणि पुडी हातात धरली की आधी बोटं ऊब खातात, मग आपण बदाम. या वर्षी वर्कशॉपमधल्या प्रत्येक माणसाला तिला अशी पुडी द्यायची होती. त्या वर्षी रमजान आणि तिचा नाताळ एकाच महिन्यात आले होते, तर माणसं रोजा सोडताना त्या उघडतील. पण हे एकटीचं काम नव्हतं, आणि कोरडं ठेवायची विद्या तिच्याकडे नव्हती.

बदाम सोलायचे नाहीत, हे ऐकून अम्मी थबकली. “सालीसकट? मेहमानांना सालीसकट बदाम कोण देतो?”

अब्बांनी हे साहेबाच्या बायकोला सांगितलं नाही. हो म्हणाले. बदाम आणायला आम्ही अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसून देरा बाजूला गेलो. इराणी व्यापाऱ्याच्या पोत्यांत अम्मीने कोपरापर्यंत हात घातला. बदाम नखाने चिरला, तेल सुटतं का पाहिलं. पण तिचा रोजा होता, चव बघता येत नव्हती. तिने तो तुकडा माझ्या तोंडात घातला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. पोतं बदला, असं तिने हातानेच सांगितलं. त्या महिन्यात अम्मीची जीभ मी होते. पुढे आयुष्यात मला बऱ्याच जबाबदाऱ्या मिळाल्या, पण इतकी मोठी क्वचितच.

हेल्गाबायने तांब्याचं एक जाड पातेलं दिलं आणि अब्बांबरोबर कृती सांगून पाठवली. पाणी, साखर, दालचिनी आणि बदाम एकत्र चढवायचे, पाणी आटेपर्यंत ढवळायचं, मग आणखी ढवळायचं. ते ‘मग आणखी’ अब्बा सांगायला विसरले. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसावं.

आता, अम्मीच्या माहेरी पाक म्हणजे बाईची परीक्षा. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. पाकाची परत साखर झाली की तो पाक गेला, आणि तो ज्या बाईने घालवला तिला लग्नाच्या चुलीजवळ कोणी उभं करत नाही. अम्मी स्टोपुढे बसून ढवळत होती. दालचिनीचा वास झावळ्यांतून बाहेर गेला, बाहेरून जाणाऱ्या दोघा बलुची हमालांनी मान वळवून पाहिलं. पाक दाट झाला, बुडबुडे मोठे झाले, आणि मग एकाएकी सगळं पांढरं पडलं. वाळू झाली. बदामांवर कोरडी, निस्तेज साखर चिकटली, मिठागरातल्या खड्यांसारखी.

अम्मीने स्टो विझवला. उलथणं काढून बाजूला ठेवलं. पातेल्यावर फडकं टाकलं, डोक्यावर पदर घेतला आणि ते परत करायला निघाली. मी तिच्या पदराचं टोक धरून मागे. वाटेत एकदाच तिने तोंड उघडलं.

“आता बोटीत बसायचं. दुसरं काय.”

हेल्गाबायच्या स्वयंपाकघरात तिने पातेलं ओट्यावर ठेवलं आणि तिला येणाऱ्या चार अरबी शब्दांतला एक म्हणाली, “खलास.”

हेल्गाबायने फडकं उचललं. आत पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. अम्मीचा चेहरा उतरला, तशी तिने घाईने काडी ओढून शेगडी पेटवली, पातेलं वर ठेवलं आणि लाकडी चमचा अम्मीच्या हातात दिला.

“नो खलास,” ती म्हणाली. “यल्ला, चलो.”

अम्मी ढवळायला लागली, विश्वास नसलेल्या माणसासारखी. चमचा वाळूत खरखरत होता. मग खरखर थोडी कमी झाली. पातेल्याच्या तळाशी एक ओलसर, तपकिरी रेषा दिसली. पांढरी वाळू कडेकडेने वितळायला लागली, बदामांवर चढायला लागली, आणि जे मेलेलं दिसत होतं त्याला एकेक करत चकाकी आली. आधी मध, मग तांबं, मग शिसवीच्या नव्या लाकडाचा रंग. कवचाला बारीक बारीक खडे राहिले, आणि त्यांच्यावर खिडकीतला उजेड थांबला. असा वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता. साखर जळायच्या अगदी उंबरठ्यावर येऊन थांबते तेव्हाचा, गोड आणि जरा कडू.

“अगो बाय,” अम्मी हळूच म्हणाली. “हे तर परत जिवंत झालं.”

हेल्गाबायने ते तेल लावलेल्या ट्रेवर ओतलं आणि दोन काट्यांनी बदाम सुटे करू लागली. अम्मीने थोडा वेळ पाहिलं, मग बोटं पाण्यात बुडवून सरळ त्या धगीत घातली. तव्यावरची तांदळाची भाकरी बोटांनी फिरवणारे हात होते ते. काट्यांपेक्षा भराभर बदाम सुटले. हेल्गाबायने काटे खाली ठेवले आणि पुन्हा कधी उचलले नाहीत. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी एक खाल्ला. कडक कवच फुटलं, आत बदाम, मागून दालचिनी. कसा आहे विचारल्यावर मी म्हणाले, अजून एक. दोघींना निकाल कळला.

त्यानंतर आमच्या घरी दुपारनंतर घाण्यावर घाणे निघाले. स्टोचा फरफर आवाज, चमच्याची खरखर, आणि ती खरखर मऊ होण्याचा क्षण. त्या क्षणी अम्मी दर वेळी किंचित पुढे झुकायची. पण हवा आपलं काम करत होती. पहाटे खाडीवर धुकं धरायचं, झावळ्या ओल्या व्हायच्या, आणि एका सकाळी ट्रेमधले बदाम पाझरलेले दिसले. हेल्गाबायचे बिस्किटांचे डबे दोन-तीनच, आणि बदाम तर ढीगभर व्हायचे होते.

दमट हवेबद्दल कोकणातल्या बाईला कोणी काही शिकवायला नको. भाजलेले तांदूळ तळाशी, वर कोरडं कापड, मग जिन्नस, आणि झाकण घट्ट. वड्यांचं गुपित एवढंच होतं. फक्त एवढे बदाम मावतील असं घट्ट झाकणाचं भांडं हवं होतं. अम्मीने घरभर नजर फिरवली. घर ते केवढं. नजर दाराशी येऊन थांबली.

तिने कुलूप काढलं. साड्या काढल्या, माझे फ्रॉक, गोधडी, तळाशी जपून ठेवलेली लग्नातली जरीची ओढणी. सगळं खाटेवर. पेटी पुसून उन्हाला धरली. मग तांदूळ भाजून तळाशी पसरले, त्यावर धुतलेलं मलमल घातलं, आणि बदाम ठेवायला सुरुवात केली. तिचा चेहरा कामात असतो तसा होता, पण मी तिला ओळखत होते. ती श्वास धरून होती.

कपड्यांसाठी तिने घरभर दोरी बांधली. संध्याकाळी अब्बा आले तेव्हा लटकत्या साड्यांतून वाट काढत त्यांना आत यावं लागलं. त्यांनी साड्या पाहिल्या. पेटीकडे पाहिलं. अजान झाली. अम्मीने खजूर आणि पाण्याने रोजा सोडला, मग पेटीतला एक बदाम तोंडात टाकला. कितीतरी घाणे तिने केले होते, पण स्टोपुढच्या कष्टांची चव तिने आज पहिल्यांदा घेतली. तिने डोळे मिटले. अब्बा चावत चावत म्हणाले, “उपसलीस?”

“बदाम कुठे ठेवायचे?” अम्मी म्हणाली.

अब्बांनी पेटीतला आणखी एक बदाम घेतला.

पुड्या अम्मीने बांधल्या, रत्नागिरीचा वाणी बांधतो तशा, तोंड आत दुमडून, दोऱ्याशिवाय. हेल्गाबायला तशी पुडी वळता येईना, तेव्हा अम्मीने तिची बोटं धरून शिकवलं. ठरल्या दिवशी पेटी हातगाडीवरून वर्कशॉपला गेली. मगरिबची अजान झाली, माणसांनी अंगणात चटयांवर बसून रोजे सोडले, आणि हेल्गाबायने पेटीचं झाकण उघडलं. एकही बदाम दुसऱ्याला चिकटला नव्हता. मी पुड्या वाटल्या. बलुची वेल्डर, मल्याळी इलेक्ट्रिशियन, इराणी खलाशी, साहेब. अंगणभर नुसता कवचं फुटण्याचा आवाज. हेल्गाबायने सगळ्यांसमोर अम्मीचं मनगट धरून हात उंच केला आणि तिच्या त्या मिसळलेल्या भाषेत सांगितलं की हे माझं नाही, हे जैनबबायचं आहे. अम्मी पदर सावरत होती, पण हात तिने खाली ओढला नाही. वर्कशॉपची माणसं अब्बांकडे वळून पाहत होती, आणि अब्बांना उभं कसं राहावं ते कळत नव्हतं.

मग हेल्गाबायने स्वतःची पुडी घेतली आणि थोडा वेळ खाडीकडे तोंड करून उभी राहिली. पुडी तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली होती, बर्फात धरतात तशी. तिच्याजवळ कोणी गेलं नाही.

पेटी रिकामी होऊन घरी आली. मला एवढंच माहीत होतं की आता ती भरायची. दोरीवर साड्या होत्या, दाराशी पेटीची जागा होती, हिवाळा उतरणीला लागणार होता. अब्बांनी पेटी उचलून आत घेतली आणि ती हातात घेऊनच उभे राहिले.

“हितंच ठेवू?” त्यांनी विचारलं.

“चुलीकडे ठेवा,” अम्मी म्हणाली. “तांदूळ राहतील तिच्यात.”

“आणि कपडे?”

अम्मी बदामाचं पातेलं घासत होती. तिने वर पाहिलं नाही. “खुंट्या मारा,” ती म्हणाली.

अब्बांनी पेटी चुलीकडे नेऊन ठेवली. सकाळी मला हातोड्याच्या आवाजाने जाग आली. पलीकडच्या काठावर आज लवकर काम सुरू झालं असं वाटलं. पण आवाज मऊ नव्हता. तो घरातच होता. अब्बा खजुरीच्या खांबात वर्कशॉपमधून आणलेल्या लाकडी खुंट्या ठोकत होते, आणि अम्मी त्यांना एकेक खुंटी हातात देत होती.

उन्हाळ्याआधीची बोट आम्हाला न घेता गेली. उन्हाळा भयंकर होता, अब्बा म्हणाले होते तसाच. माझ्या पाठीवर घामोळ्यांचं जाळं झालं, रात्री आम्ही अंथरुणावर पाणी शिंपडून झोपायचो. परत जायचा विषय कोणी काढला नाही. पुढे हेल्गाबाय तिच्या देशी गेली, जाताना ते तांब्याचं पातेलं अम्मीला देऊन गेली. आमची बरस्ती जाऊन पक्की खोली आली, मग बिल्डिंगमधला फ्लॅट. दर हिवाळ्यात अम्मी बदाम करायची आणि दर वर्षी कोणीतरी नवी कोकणी सून शिकायला यायची. पांढरी वाळू झाली की ती सून स्टो बंद करायला धावायची, आणि अम्मी तिचा हात धरायची. गावी सुट्टीवर जाताना आम्ही शेजाऱ्यांच्या बॅगा उसन्या न्यायचो. पेटीत तांदूळ असायचे, ती मोकळी नसायची. अम्मी शेवटपर्यंत इथेच राहिली आणि इथल्याच वाळूत आहे. माझी आई या शहरात पाहुणी म्हणून आली होती आणि तिने ते बदललं, बोटं भाजून घेऊन. हे मी अभिमानाने सांगते आणि सांगताना आवाज बारीक करत नाही.

हे सगळं सनाला सांगितलं. ती पेटीच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसली होती. तिने आत वाकून वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाली, “ओके. आय कॅन स्मेल द राइस.” बाकीचं तिला येईना. चालेल, त्यासाठी पातेलं आहे.

नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली तशी मी ट्रक यायच्या आधीच तिथे पोचले, हातोडी आणि खुंट्या पिशवीत घेऊन. सना मागोमाग आली. तिने भिंतीभरची कपाटं दाखवली, एकेक दार उघडून. मी भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या.

“मम्मी, इट्स काँक्रीट. यू नीड अ ड्रिल.”

“मग वॉचमनकडे माग,” मी म्हणाले.

तिने ड्रिल आणलं. मी भोकं पाडली, ती एकेक खुंटी माझ्या हातात देत गेली. काम झाल्यावर मी जमिनीवर बसून आजची यादी काढली, सगळ्यात वर ‘खुंट्या’ असं लिहिलं आणि लगेच त्यापुढे बरोबरची खूण केली.